फोनमध्ये आठ कोअर, तरी काम एकाच रांगेत? कर्नेलमधल्या 'लॉक कंटेन्शन'ची गोष्ट, सोप्या भाषेत

नवा फोन घ्यायला गेलं की बॉक्सवर एक शब्द ठळक दिसतो, 'ऑक्टा-कोअर'. म्हणजे आठ कोअरचा प्रोसेसर. दुकानदारही सांगतो, "आठ कोअर आहेत, हँग होणार नाही." आठ कोअर म्हणजे आठ कामं एकाच वेळी, म्हणजे आठपट वेग, असा आपलाही साधा हिशेब असतो.

हा हिशेब प्रत्यक्षात जुळत नाही. त्याची कारणं बरीच आहेत. फोन गरम होतो, रॅम कमी पडते, स्टोरेज हळू असतं. पण एक कारण असं आहे जे बॉक्सवर लिहिलेलं नसतं आणि रिव्ह्यूमध्येही सहसा येत नाही. कोअर कामाला तयार असतात, पण आत एकाच गोष्टीसाठी रांग लागलेली असते आणि ते त्या रांगेत थांबलेले असतात. या प्रकाराला 'लॉक कंटेन्शन' म्हणतात.

अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्सला असं एक लॉक काढून टाकायला १९९६ ते २०११ अशी पंधरा वर्षं लागली. ते लॉक होतं कशासाठी, ते काढणं इतकं अवघड का गेलं आणि आज ही रांग कशी कमी करतात, हे समजून घेऊ.

आधी कर्नेल म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या सगळ्यात आतल्या भागाला कर्नेल म्हणतात. अ‍ॅपला मेमरी हवी असो, फाइल उघडायची असो, नेटवर्कवर काही पाठवायचं असो, ते थेट हार्डवेअरकडे जात नाही. कर्नेलकडे अर्ज करतं आणि कर्नेल ते काम करून देतं.

एखादं सरकारी कार्यालय डोळ्यासमोर आणा. खिडकीबाहेर लोक म्हणजे अ‍ॅप्स. आत बसलेले क्लार्क म्हणजे प्रोसेसरचे कोअर. आणि कपाटातल्या नोंदवह्या म्हणजे कर्नेलची माहिती: कुठली मेमरी कोणाला दिली, कुठली फाइल कोणी उघडली आहे, कुठला प्रोग्रॅम चालू आहे.

क्लार्क एकच असेल तर गोंधळ नाही. क्लार्क आठ झाले आणि नोंदवही एकच असली, की अडचण सुरू होते.

लॉक कशाला लागतं?

समजा एका वहीत शेवटी आकडा आहे १००. सावंतांनी तो वाचला, मनात एक मिळवला आणि १०१ लिहायला पेन उचललं. तेवढ्यात शेजारून कदमांनीही १०० वाचला आणि १०१ लिहून टाकला. मग सावंतांनी १०१ लिहिला. कामं दोन झाली, आकडा मात्र एकनेच वाढला.

कॉम्प्युटरच्या भाषेत याला 'रेस कंडिशन' म्हणतात. वहीतला आकडा चुकला तर संध्याकाळी ताळा करून सापडेल. कर्नेलमधला चुकला तर एकाच मेमरीचा तुकडा दोन प्रोग्रॅमना दिला जाऊ शकतो, फाइल खराब होऊ शकते किंवा पूर्ण मशीन बंद पडू शकतं.

म्हणून नियम केला: वहीला हात लावायचा तर आधी गोल शिक्का ताब्यात घ्यायचा. शिक्का एकच. तो ज्याच्या हातात, त्यानेच लिहायचं. लिहून झालं की परत ठेवायचा. हा शिक्का म्हणजे लॉक.

थांबण्याच्या पद्धती दोन आहेत. काम अगदी क्षणभराचं असेल तर कोअर तिथेच उभा राहून "मिळालं का, मिळालं का" असं सतत तपासत राहतो. याला 'स्पिनलॉक' म्हणतात. काम लांबणार असेल तर थांबलेला प्रोग्रॅम झोपी जातो, कोअर दुसऱ्या कामाला लागतो आणि लॉक सुटलं की त्या प्रोग्रॅमला उठवलं जातं. 'म्युटेक्स' आणि 'सेमाफोर' या दुसऱ्या प्रकारातले.

मग कंटेन्शन म्हणजे नेमकं काय?

एकाच लॉकसाठी अनेकांची रांग लागणं म्हणजे कंटेन्शन. लॉक असणं ही अडचण नाही, त्याच्यापाशी गर्दी होणं ही अडचण आहे.

साधा हिशेब करू. एका अर्जाला १० मिनिटं लागतात आणि त्यातलं १ मिनिट शिक्का हातात लागतो. शिक्का एका वेळी एकाकडेच असल्यामुळे मिनिटाला जास्तीत जास्त एकच अर्ज निघू शकतो. म्हणजे दहा क्लार्कपर्यंत वेग वाढत जाईल. अकरावा क्लार्क नेमला तरी अर्ज मिनिटाला एकच निघणार. विसावा नेमला तरी तेवढाच. पगार मात्र वीस जणांचा.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो एकूण वेगाची कमाल मर्यादा ठरवतो. असा भाग ५ टक्के असेल तर हजार कोअर लावले तरी वेग २० पटींच्या वर जात नाही.

कॉम्प्युटरमध्ये परिस्थिती यापेक्षाही वाईट होते. प्रत्येक कोअरजवळ स्वतःची छोटी, वेगवान मेमरी असते, तिला 'कॅश' म्हणतात. लॉक घेणं म्हणजे मेमरीतल्या एका जागी लिहिणं. एका कोअरने तिथे लिहिलं की बाकी सगळ्यांच्या कॅशमधली त्या जागेची प्रत बाद होते आणि त्यांना ती नव्याने आणावी लागते. थांबणारे जितके जास्त, तितकी ही ने-आण जास्त. त्यामुळे कोअर वाढवल्यावर वेग वाढायचा थांबतोच, पण कधीकधी चक्क कमी होतो.

पूर्ण कार्यालयाला एकच शिक्का: 'बिग कर्नेल लॉक'

आता लिनक्सकडे येऊ. जून १९९६ मध्ये लिनक्सची २.० ही आवृत्ती आली. एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेल्या मशीनवर चालणारी ही पहिली स्थिर आवृत्ती. त्यामागचं सुरुवातीचं बरंच काम अ‍ॅलन कॉक्स या ब्रिटिश प्रोग्रॅमरचं होतं.

तोपर्यंतचा कोड एकाच प्रोसेसरचा विचार करून लिहिलेला होता. तो सगळा तपासून प्रत्येक वहीला वेगळा शिक्का लावणं मोठं काम होतं. म्हणून सोपा, सुरक्षित मार्ग निवडला: पूर्ण कर्नेलला एकच लॉक. प्रोसेसर दोन असोत की चार, कर्नेलच्या आत एका वेळी एकानेच यायचं. यालाच पुढे 'बिग कर्नेल लॉक', थोडक्यात 'बीकेएल' म्हणू लागले.

हा निर्णय त्या वेळी चुकीचा नव्हता. तेव्हा दोन प्रोसेसरची मशीनही दुर्मिळ होती. इतरांनीही हेच केलं होतं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असंच एक लॉक होतं, त्याचं नावच होतं 'जायंट'.

१९९९ चा जाहीर फटका

जानेवारी १९९९ मध्ये २.२ आवृत्ती आली. तोपर्यंत बरीच कामं वेगळ्या लॉकखाली गेली होती, पण नेटवर्कचं काम अजूनही एका वेळी एकच प्रोसेसर करत होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माइंडक्राफ्ट या कंपनीने एक तुलना प्रसिद्ध केली. चार प्रोसेसरचा एकच सर्व्हर, त्यावर एकदा विंडोज एनटी आणि एकदा लिनक्स. निकाल असा आला की फाइल सर्व्हर म्हणून एनटी २.५ पट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान.

लिनक्सवाले चिडले. चिडण्याला कारणही होतं, कारण या चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता आणि लिनक्सची सेटिंग्ज नीट केली नव्हती असा आक्षेप होता. मग जूनमध्ये लिनक्सच्या जाणकारांना समोर बसवून पुन्हा चाचणी झाली. फरक कमी झाला, पण एनटी पुढेच राहिलं.

कारणं अनेक होती. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे नेटवर्कच्या कामाची ही एकेरी रांग. चार प्रोसेसर होते, पण पॅकेटं एकामागून एकच पुढे सरकत होती. ही दुरुस्ती जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत झाली. टीका करणारा कोण होता हे बाजूला ठेवून मोजमापात दिसलेला दोष दुरुस्त केला गेला.

एक लॉक काढायला इतकी वर्षं का लागली?

लॉक काढायचं म्हणजे दोन ओळी पुसायच्या, असं वाटू शकतं. पण बीकेएलचे काही विचित्र गुण होते.

पहिला, ज्याच्याकडे ते लॉक आहे तो झोपी गेला तर लॉक आपोआप सुटायचं आणि तो उठला की पुन्हा मिळायचं. दुसरा, एकाच कोडने ते एकावर एक अनेकदा घेतलं तरी चालायचं. तिसरा आणि सगळ्यात त्रासदायक, ते नेमकं कशाचं रक्षण करतंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एखाद्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ते घेतलेलं दिसायचं, पण का घेतलंय हे सांगणारं कोणी नव्हतं. काढलं तर मशीन आज चालेल आणि तीन महिन्यांनी एका विशिष्ट क्षणी बंद पडेल, अशी भीती.

२००८ च्या मे महिन्यात प्रकरण पुन्हा ऐरणीवर आलं. २.६.२६ आवृत्तीची तयारी सुरू होती. सेमाफोरचा कोड नव्याने, सुटसुटीत लिहिला गेला होता. बदल दिसायला साधा होता, पण एआयएम७ नावाच्या चाचणीत वेग सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. शोध घेतल्यावर बीकेएल सापडलं, कारण त्या वेळी ते सेमाफोरवर उभं होतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते पुन्हा स्पिनलॉकवर नेलं. वेग परत आला, पण आता बीकेएल हातात असताना कर्नेलला मधेच थांबवून दुसरं तातडीचं काम करता येईना.

प्रतिसादाच्या वेळेवर काम करणारे इंगो मोलनार यांना हे पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी बीकेएल कायमचं संपवण्यासाठी कोडची वेगळी शाखाच काढली. पुढची तीन वर्षं अनेकांनी एकेक फाइल सिस्टिम, एकेक ड्रायव्हर घेऊन त्यातून बीकेएल काढलं आणि गरज होती तिथे छोटं, नेमकं लॉक बसवलं. शेवटचा टप्पा आर्न्ड बर्गमन यांनी पूर्ण केला. मे २०११ मध्ये आलेल्या २.६.३९ आवृत्तीत बीकेएल उरलं नाही.

लॉक छोटी केली की काम संपलं?

नाही. एका शिक्क्याचे पन्नास केले की नवा धोका येतो. सावंतांकडे जमिनीचा शिक्का आहे आणि त्यांना आता वारसाचा हवाय. कदमांकडे वारसाचा आहे आणि त्यांना जमिनीचा हवाय. दोघंही हातातला सोडत नाहीत. दोघंही कायमचे बसून. याला 'डेडलॉक' म्हणतात.

यावरचा नियम सोपा आहे: सगळ्यांनी शिक्के ठरलेल्या क्रमानेच घ्यायचे. पण हजारो लॉक असलेल्या कर्नेलमध्ये हा क्रम माणसाने लक्षात ठेवणं अशक्य. म्हणून २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत 'लॉकडेप' नावाचं साधन आलं. कोण कुठलं लॉक कुठल्या क्रमाने घेतं यावर ते लक्ष ठेवतं. डेडलॉक प्रत्यक्षात झालेला नसला तरी तो होऊ शकतो, हे आधीच सांगतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. गर्दी कुठल्या लॉकपाशी आहे हे अंदाजाने ठरवलं तर बहुतेक वेळा चुकीचं लॉक दुरुस्त होतं. २००७ पासून कर्नेलमध्ये 'लॉक-स्टॅट' ही सोय आहे. प्रत्येक लॉकसाठी किती वेळा थांबावं लागलं, किती वेळ थांबावं लागलं, याचा तक्ता ती देते. 'पर्फ' हे साधनही हेच काम करतं. दुरुस्तीची पहिली पायरी हा तक्ता पाहणं ही असते.

दुरुस्तीच्या चार मुख्य पद्धती

१. लॉकचे तुकडे करा. पूर्ण कार्यालयाला एक शिक्का असण्याऐवजी प्रत्येक कपाटाला वेगळा. बीकेएल काढताना झालं ते मुख्यतः हेच. हाच विचार माहितीच्या मांडणीतही करावा लागतो. साधारणपणे प्रोसेसर मेमरी ६४ बाइटच्या तुकड्यांत उचलतात. दोन वेगळ्या कोअरच्या दोन वेगळ्या गोष्टी एकाच तुकड्यात शेजारी पडल्या, तर लॉक वेगळी असूनही दोघं एकमेकांना अडवतात. मग त्या गोष्टी मुद्दाम लांब ठेवाव्या लागतात.

२. रांगेला शिस्त लावा. पूर्वीच्या स्पिनलॉकमध्ये रांग नव्हतीच, नुसती झुंबड होती. लॉक सुटलं की ज्याचा हात आधी पडेल त्याला मिळायचं. २००८ च्या सुमारास निक पिगिन यांनी आठ कोअरच्या मशीनवर पाहिलं, तेव्हा सारखंच काम करणाऱ्या थ्रेडच्या वेळेत दुपटीपर्यंत फरक पडत होता. त्यांनी २.६.२५ आवृत्तीत 'तिकीट' पद्धत आणली. बँकेतल्या टोकनसारखी: आलात, नंबर घ्या, नंबर आला की पुढे या. न्याय झाला, पण सगळे एकाच फलकाकडे टक लावून बसलेले. आकडा बदलला की सगळ्यांच्या कॅशमधली प्रत बाद. मोठ्या मशीनवर हेच महागात पडतं.

यावरचा उपाय जॉन मेलर-क्रमी आणि मायकल स्कॉट यांनी १९९१ मध्येच सांगून ठेवला होता. प्रत्येकाने फलकाकडे न पाहता आपल्या जागेवर थांबायचं आणि ज्याचं काम झालं त्याने फक्त मागच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. दोघांच्या आडनावांवरून याला 'एमसीएस लॉक' म्हणतात. याच कल्पनेवरचं 'क्यू-स्पिनलॉक' २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत आलं.

३. वाचणाऱ्याला रांगेत उभंच करू नका. कार्यालयाबाहेरचा सूचना फलक आठवा. वाचणारे शेकडो, बदलणारा एक, तोही कधीतरी. प्रत्येक वाचणाऱ्याला शिक्का घ्यायला लावणं म्हणजे वेडेपणा. त्यापेक्षा बदल करणाऱ्याने नवा कागद वेगळा तयार करावा, एका झटक्यात जुन्याच्या जागी लावावा आणि जुना कागद वाचत असलेल्यांचं वाचून झालं की मगच तो फाडावा.

या पद्धतीला 'आरसीयू' म्हणतात. पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी ती १९९० च्या दशकात सीक्वेंट या कंपनीत विकसित केली. ऑक्टोबर २००२ मध्ये ती लिनक्समध्ये आली. फाइलचा पत्ता शोधताना आरसीयू कशी वापरायची, यावर मॅकेनी यांच्यासोबत आयबीएमच्या भारतातल्या टीममधले दीपंकर सरमा आणि मनीष सोनी यांनी काम केलं. फाइल उघडताना तिच्या पत्त्यातला प्रत्येक फोल्डर शोधावा लागतो आणि हे सेकंदाला असंख्य वेळा होतं. म्हणून तिथली रांग हटवणं फार मोलाचं होतं.

४. वाटून घ्या. 'आज किती अर्ज आले' हा आकडा प्रत्येक अर्जामागे एकाच वहीत वाढवायची गरज नाही. प्रत्येक क्लार्कने आपल्या डायरीत मोजावं, साहेबांनी विचारलं की बेरीज करावी. कर्नेलमध्ये प्रत्येक कोअरला स्वतंत्र मोजणी आणि मेमरीचा स्वतंत्र छोटा साठा देतात. वाटलेलंच नाही तर लॉक कशाला?

या चारही पद्धतींत एक धागा सारखा आहे. नुसतं लॉक वेगवान करून फायदा थोडाच होतो. मोठा फायदा होतो तो सामायिक गोष्टच कमी केल्यावर. पहिली, तिसरी आणि चौथी पद्धत ते करतात. दुसरी पद्धत रांग टळत नसेल तेव्हासाठी आहे.

४८ कोअरवर काय दिसलं?

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ४८ कोअरच्या मशीनवर सात प्रकारचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. मेल सर्व्हर, वेब सर्व्हर, डेटाबेस वगैरे. सातपैकी सहा ठिकाणी कर्नेल आडवं आलं.

एक उदाहरण फार बोलकं आहे. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडली आहे याचा एक तक्ता कर्नेलकडे असतो. तो क्वचितच बदलतो. पण फाइलचा पत्ता शोधताना तो प्रत्येक वेळी वाचावा लागतो आणि वाचण्यासाठी एक स्पिनलॉक घ्यावं लागायचं. कधी न बदलणाऱ्या तक्त्यासाठी ४८ कोअर एकमेकांशी भांडत होते. प्रत्येक कोअरला तक्त्याची स्वतःची प्रत दिली आणि भांडण मिटलं.

सगळ्या दुरुस्त्या मिळून कर्नेलमध्ये ३००२ ओळींचा बदल लागला. तेव्हा एक मत असं होतं की कोअर वाढत गेले तर लिनक्ससारखी पारंपरिक रचना टाकून नवीनच काहीतरी लिहावं लागेल. निदान तेवढ्या कोअरपर्यंत तरी तशी गरज दिसत नाही, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

आणि आता आपल्या हातातला फोन

बीकेएल गेलं, पण छोट्या रांगा उरल्या. त्यातली एक प्रत्येक अ‍ॅपमध्ये होती.

अ‍ॅपला दिलेल्या मेमरीचा एक नकाशा कर्नेल ठेवतं: हा पट्टा कोडचा, हा फोटोंचा, हा तात्पुरत्या कामाचा. या संपूर्ण नकाशाला एकच लॉक होतं, 'एममॅप लॉक'. वाचणारे अनेक जण ते एकत्र घेऊ शकत, पण बदल करणारा आला की सगळे थांबणार.

अँड्रॉइडवर अ‍ॅप उघडताना नेमकं हेच होतं. एका अ‍ॅपचे कितीतरी थ्रेड एकदम सुरू होतात. काही नकाशात नवे पट्टे जोडत असतात, तर काही वेगळ्याच पट्ट्यातली मेमरी पहिल्यांदा वापरत असतात. एकमेकांशी संबंध नसतानाही ते एकाच रांगेत अडकतात. आयकॉनवर बोट ठेवल्यापासून स्क्रीन दिसेपर्यंतच्या वेळात ही वाटही असते.

उपाय दोन टप्प्यांत आला. डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीत नकाशाची मांडणीच बदलली. 'मेपल ट्री' नावाची नवी रचना आली, जी आरसीयूला सोयीची आहे. मग जून २०२३ मधल्या ६.४ आवृत्तीत गुगलच्या सुरेन बगदासर्यान यांच्या कामातून प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र लॉक मिळालं. एका पट्ट्यात बदल चालू असेल तर आता दुसऱ्या पट्ट्यातल्या वाचणाऱ्याला थांबायची गरज नाही.

पण ही गोष्ट इथे गोड शेवट होऊन संपली नाही. जुलै २०२३ मध्ये दोन प्रकार समोर आले. नव्या लॉकमुळे विशिष्ट परिस्थितीत प्रोग्रॅमची मेमरी बिघडत असल्याचं लक्षात आलं आणि दुरुस्ती होईपर्यंत ही सोय तात्पुरती बंद करावी लागली. त्याच महिन्यात 'स्टॅकरॉट' नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली. मेपल ट्रीमध्ये बदल करताना एका ठिकाणी लिहिणाऱ्याचं लॉक घ्यायला हवं होतं, तिथे वाचणाऱ्याचंच घेतलं जात होतं. ६.१ ते ६.४ या आवृत्त्यांना धोका होता. मशीनवर साधा प्रवेश असलेल्याला पूर्ण ताबा मिळवण्याची वाट त्यातून उघडत होती. दोन्ही दोष दुरुस्त झाले.

लॉक कमी करण्याचं काम इतकं जपून का करतात, याचं उत्तर इथे आहे. लॉक जास्त असलं तर फोन हळू चालतो. ते नको तिथे काढलं तर माहिती बिघडते किंवा चोराला दार उघडतं. यातली पहिली चूक सगळ्यांना लगेच दिसते, दुसरी महिनोन्‌महिने दिसत नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

फोन किंवा लॅपटॉप घेताना फक्त कोअरच्या आकड्यावर जाऊ नका. चार चांगले कोअर आणि नवं सॉफ्टवेअर, हे आठ साध्या कोअर आणि जुन्या सॉफ्टवेअरपेक्षा सरस ठरू शकतं. कंपनी किती वर्षं अपडेट देणार, हा प्रश्न दुकानात नक्की विचारा.

आणि 'सिस्टिम अपडेट उपलब्ध आहे' अशी सूचना आली की ती सरकवून टाकू नका. नवीन इमोजी किंवा वॉलपेपर दिसले नाहीत म्हणून अपडेटमध्ये काही नाही असं आपण समजतो. पण आतली एखादी रांग कमी करणारा, किंवा घाईत काढलेलं एखादं लॉक परत जागेवर लावणारा बदल त्यातूनच तुमच्या फोनवर येतो.